डिक्कीत पोचेपर्यंत किती व्होल्ट उरतात

गाडीत सबवूफर (खालचे, घुमणारे सूर वाजवणारा मोठा स्पीकर) बसवायचा म्हटलं की चर्चा दहा इंची की बारा इंची, ह्या कंपनीचा की त्या कंपनीचा, इथेच घुटमळते. प्रत्यक्ष कामात डबा डिक्कीत ठेवून त्याला दोन वायरी जोडायला दहा मिनिटं लागतात. बाकीचा दिवस जातो बॉनेटखालच्या बॅटरीपासून डिक्कीतल्या अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत वीज नीट नेण्यात. बॅटरीवर १४.१ व्होल्ट आहेत, तर अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर किती उरले? हा एक आकडा चांगला आला की मधल्या दर्जाचा सबवूफरही दणदणीत वाजतो. तो पडला तर महागडा सबवूफर फडफडतो आणि दोष कंपनीला जातो.

हे काम ज्या गाडीत केलं ती चार मीटरच्या आतली पेट्रोल हॅचबॅक. कंपनीचा टचस्क्रीन, चार दरवाज्यांत चार स्पीकर, ३५ अँपिअर-तासांची बॅटरी इंजिनाच्या डाव्या अंगाला. सीएनजी नाही, म्हणून डिक्की मोकळी. सीएनजीची टाकी असती तर हा घाट घालण्यात अर्थ नव्हता. तिथे सीटखाली बसणारा, अ‍ॅम्प आतच असलेला आठ इंची चपटा सबवूफर घ्यावा, आणि टाकीच्या ब्रॅकेटवर अर्थ (मायनसची गाडीच्या बॉडीशी जोडणी) घ्यायचा किंवा टाकीच्या आसपास ड्रिल चालवायचं मनातही आणू नये.

सबवूफर दहा इंची, ३०० वॉट आरएमएसचा (आरएमएस म्हणजे सतत पेलता येणारी खरी ताकद), दोन व्हॉइस कॉइलचा (सबवूफरचा पडदा हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या), प्रत्येक कॉइल २ ओहम. अ‍ॅम्प क्लास-डी (कमी वीज वाया घालवणारा) मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनेलचा, ४ ओहमला ३०० वॉट आरएमएस. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेले १२०० का १५०० वॉट सरळ दुर्लक्षित करायचे. हिशोब आरएमएसवरच करायचा. दोन कॉइल सिरीजमध्ये जोडल्या की ४ ओहम होतात, पॅरलल केल्या तर १ ओहम. हा अ‍ॅम्प २ ओहमच्या खाली चालत नाही, म्हणजे सिरीजच. पहिल्या कॉइलचा प्लस अ‍ॅम्पच्या प्लसला, पहिलीचा मायनस दुसरीच्या प्लसला, दुसरीचा मायनस अ‍ॅम्पच्या मायनसला. जोडून झाल्यावर मल्टिमीटरनं पाहिलं तर ३.६ ओहम आले. ४ आले नाहीत म्हणून घाबरायचं कारण नाही. मीटर डीसी रोध दाखवतो आणि तो छापील आकड्यापेक्षा थोडा कमीच असतो. १ च्या खाली दिसलं असतं तर मात्र जोडणी चुकली होती.

हा अ‍ॅम्प किती करंट खेचेल? क्लास-डी साधारण ८० टक्के कार्यक्षम धरला तर ३०० भागिले ०.८, म्हणजे ३७५ वॉट. त्याला १३.५ व्होल्टनं भागलं की जवळपास २८ अँपिअर. गाणं चालू असताना एवढा करंट सतत जात नाही, ठोक्यापुरता वर चढतो आणि खाली येतो. पण केबल आणि फ्यूज ठोक्याच्या हिशोबानंच घ्यावे लागतात.

केबल ४ गेजची घेतली, शुद्ध तांब्याची, पाच मीटर. ४ गेज म्हणजे २१ चौरस मिलिमीटर. पाच मीटरला रोध ४ मिलीओहमच्या आसपास आणि २८ अँपिअरला त्यात ०.११ व्होल्ट खर्च होतात. ८ गेज (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक) घेतली असती तर ०.२९ गेले असते. ३०० वॉटला ८ गेजही चालते, कुणी लावली तर ती चूक नव्हे. पण उद्या मोठा अ‍ॅम्प आला तर अख्खी गाडी पुन्हा उघडून केबल ओढायची कुणाची तयारी असते?

केबलच्या बाबतीत खरी फसवणूक जाडीत नाही, धातूत होते. तयार अ‍ॅम्प किट म्हणून जे मिळतं त्यात पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं. रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, शिवाय लगमध्ये (केबलच्या टोकाला बसवायच्या धातूच्या कडीत) दाबल्यावर काही महिन्यांनी सैल पडतं. ओळखायचं असं: एक तार काढून ब्लेडनं खरवडायची. वरून तांबूस आणि आत पांढरी निघाली तर मुलामा. वरून पांढरी आणि आत तांबूस निघाली तर ते कथिलाचा लेप दिलेलं तांबं, म्हणजे उत्तम माल. दमट हवेत आणि कोकणपट्टीत तर तेच घ्यावं. दुकानात ब्लेड लावू देत नसतील तर वजन करायला सांगायचं. पाच मीटर खऱ्या ४ गेजमध्ये नुसतं तांबंच सुमारे ९४० ग्रॅम भरतं, आवरण धरून किलोच्या वर. हातात घेतलेलं भेंडोळं अर्ध्या किलोचं वाटलं तर ते तिथेच ठेवून यायचं. पुण्यात पासोड्या विठोबापाशी किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला केबल, लग, हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) असं सुटं सामान मिळतं. किटपेक्षा हे सुटं घेतलेलं बरं.

फ्यूज ५० अँपिअरचा, मिनी एएनएल प्रकारचा, आणि तो बॅटरीपासून ३० सेंटीमीटरवर. ४५ सेंटीमीटरच्या पुढे नेऊच नये. हा फ्यूज अ‍ॅम्प वाचवायला असतो असा समज आहे. अ‍ॅम्पचे स्वतःचे फ्यूज असतात, इथे २०-२० चे दोन होते. बॅटरीजवळचा फ्यूज केबल वाचवायला असतो. उद्या धडक बसून किंवा पत्र्याच्या धारेवर घासून केबलचं आवरण फाटलं आणि ती बॉडीला टेकली, तर बॅटरी तिच्यातून शेकडो अँपिअर ओतते आणि कार्पेटखाली जाळ लागतो. फ्यूज डिक्कीत अ‍ॅम्पशेजारी लावला तर मधली साडेचार मीटर केबल उघडीच राहिली की! होल्डरमध्येही कंजुषी नको. स्वस्त होल्डरचा स्क्रू केबलला धड पकडत नाही, सांधा तापतो, प्लॅस्टिक वितळतं आणि फ्यूज मात्र शाबूत राहतो, कारण करंट वाढलेलाच नसतो.

डब्याबद्दल थोडक्यात. सुताराकडून १८ मिमी एमडीएफचा बंद डबा करून घेतला, बाहेरून ४० × ३६ × २२ सेंटीमीटर. आतली जागा २१.७ लिटर होते. सबवूफरनं व्यापलेले दीडेक लिटर वजा जाता वीस उरतात, आणि दहा इंचीला बंद डब्यात एवढी जागा बहुतेक वेळा पुरते. तरी सबवूफरच्या कागदावर लिहिलेला आकडा पाहून मगच लाकूड कापायला सांगायचं. सांध्यांना आतून फेव्हिकॉल आणि सिलिकॉन, आत पाव किलो पॉलिस्टर कापूस, उशीत भरतात तो. हवा गळते का हे बघायला ३० हर्ट्झचा सूर हळू लावून उदबत्ती सांध्यासांध्यावरून फिरवली. धूर जिथे थरथरला तिथे पुन्हा सिलिकॉन.

आता गाडी. आधी बॅटरीचा मायनस दहाच्या पान्यानं सोडवला. क्रम महत्त्वाचा आहे. प्लस आधी सोडवायला गेलं आणि पाना चुकून बॉडीला लागला तर ठिणग्यांचा पाऊस पडतो. मायनस आधी निघाला की बॉडी सर्किटमधून बाद होते. जोडताना उलट, मायनस सर्वांत शेवटी. मायनस काढल्यावर दहा मिनिटं कशालाही हात लावला नाही, एअरबॅगचा कंट्रोलर शांत होऊ दिला. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे आणि सीटबेल्टच्या प्रीटेन्शनरचे असतात. ते कुठेही दिसोत, सोडवायचे नाहीत, त्यांच्या जुडग्याला आपली केबल बांधायची नाही. पडदा एअरबॅग असलेल्या गाडीत पुढच्या खांबाच्या ट्रिममधून वायर नेण्याचा मोह टाळायचा.

मायनस टर्मिनलवर छोटी डबी आणि तिला बारीक वायर दिसली तर तो बॅटरी सेन्सर. स्टार्ट-स्टॉप किंवा माइल्ड हायब्रिड गाड्यांत असतो. अ‍ॅम्पचा मायनस थेट बॅटरीच्या खुंटीवर नेला तर हा सेन्सर बाजूला पडतो आणि गाडीला बॅटरीतून किती करंट गेला ते कळत नाही. अर्थ बॉडीवरच घ्यायचा, हे त्याचंही एक कारण.

फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून) केबल आत घेणं हा सगळ्यांत किचकट भाग. नवीन भोक पाडलं नाही. ग्लोव्ह बॉक्स काढला, दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली येतो, आणि टॉर्च मारून मुख्य वायरिंग आत येतं ते रबरी ग्रोमेट (भोकात बसवलेलं बूच) शोधलं. त्याला शेजारी एक बंद बोंडी होती, जादा वायरसाठी कंपनीनंच ठेवलेली. तिचं टोक कटरनं कापलं. ताठ जीआय तार आतून बाहेर सरकवली, तिच्या टोकाला केबल चिकटपट्टीनं निमुळती गुंडाळली, साबणाचं पाणी लावलं आणि हळूहळू आत ओढली. ग्रीस लावायचं नाही, रबर फुगतं. टोकाला लग आधी दाबलेला नसावा, नाहीतर बोंडीतून जात नाही. आत आल्यावर बाहेरच्या बाजूनं सिलिकॉन भरलं आणि ग्रोमेटच्या अलीकडे केबलला खाली झोळ दिला. पावसात केबलवरून ओघळणारं पाणी त्या झोळाच्या तळाशी गळून पडतं. केबल वरून उतरत थेट ग्रोमेटमध्ये शिरली तर तेच पाणी आत येतं आणि जुलैमध्ये पुढच्या सीटखालचं कार्पेट कुबट वास मारू लागतं. बॉनेटखाली पूर्ण लांबीला काळा नळीदार फ्लेक्सिबल पाइप चढवला आणि एक्झॉस्टपासून वीतभर लांब राहील असं बांधलं. उंदरांना तो पाइप अडवत नाही, पण कुरतडलेलं लगेच नजरेस येतं.

आत केबल डाव्या दरवाज्यांच्या उंबरठ्याखालून नेली. उंबरठ्याच्या पट्ट्या प्लॅस्टिकच्या चपट्या हत्यारानं उचलायच्या. स्क्रू-ड्रायव्हर घातला की पांढरे ओरखडे उठतात आणि क्लिप तुटतात. नंतर पट्टी कडकड वाजते आणि माणूस सबवूफरला दोष देतो. मधल्या खांबाच्या तळाशी साइड इम्पॅक्ट सेन्सर असू शकतो, तिथे केबल त्याच्यापासून लांब वळवली. मागच्या सीटची गादी काढून चाकाच्या कमानीला धरून डिक्कीत. गादीखाली बहुतेक हॅचबॅकमध्ये पेट्रोलची टाकी असते, तिथे स्क्रू मारणं म्हणजे आत्मघात. दर वीस सेंटीमीटरला झिप टाय, आणि जिथे पत्र्याची धार तिथे कापडी टेपचे चार फेरे.

पॉवर डावीकडून, म्हणून सिग्नल उजवीकडून. दोन्ही एकमेकांशेजारी मीटरभर धावले तर घुरघुर येऊ शकते. कुठे एकमेकांना ओलांडावंच लागलं तर काटकोनात. पण खरं सांगायचं तर इंजिनाबरोबर चढत जाणारी शिट्टी दहापैकी नऊ वेळा अर्थिंगमुळे येते, केबल शेजारी गेल्यामुळे नव्हे. लोक आधी महागडी शिल्ड असलेली आरसीए केबल (ऑडिओ सिग्नल नेणारी) आणतात आणि अर्थचा बोल्ट मात्र रंगावरच कसतात.

कंपनीच्या टचस्क्रीनला आरसीए आउटपुट नव्हतं. अ‍ॅम्पला हाय-लेव्हल इनपुट होतं, म्हणजे स्पीकरच्या वायरींचाच सिग्नल तो घेऊ शकत होता. वायरी कापल्या नाहीत. वॉरंटीच्या वेळी कापलेली वायर पहिली दिसते. त्याच गाडीचा मधे बसणारा कपलर आणला. एक तोंड टचस्क्रीनला, दुसरं गाडीच्या वायरिंगला, आणि मधून फुटलेल्या चार वायरी आपल्याला: डावा प्लस-मायनस, उजवा प्लस-मायनस. सिग्नल पुढच्या स्पीकरचा घेतला. त्यापुढे ०.५ चौरस मिमीच्या साध्या वायरी पुरतात, कारण ह्यातून करंट जवळपास जातच नाही. मात्र प्रत्येक जोडी पिळलेली हवी. दोन वायरींची एक टोकं पक्कडीत, दुसरी ड्रिल मशीनच्या तोंडात, आणि अंगठ्यानं खटका हळू दाबत दर दोन-अडीच सेंटीमीटरला एक पीळ. पाच मीटरची जोडी मिनिटभरात होते आणि आजूबाजूचा गोंगाट दोन्ही वायरींत सारखाच शिरल्यामुळे अ‍ॅम्पमध्ये कटून जातो.

ह्या वायरींपैकी एकही अर्थ नाही, हे नीट समजून घ्यायला हवं. टचस्क्रीनमधला अ‍ॅम्प ब्रिज पद्धतीचा असतो. स्पीकरच्या प्लस आणि मायनस दोन्ही वायरींवर बॉडीच्या मानानं साधारण ६ व्होल्ट डीसी बसलेले असतात. मीटर लावून पाहिलं: प्लस ते बॉडी ६.१, मायनस ते बॉडी ६.१, दोघांच्या मधे जवळजवळ शून्य. हे शून्य म्हणून स्पीकर गप्प. आता कुणी ‘मायनस म्हणजे बॉडीच’ असं समजून तो बॉडीला टेकवला की टचस्क्रीनमधला आउटपुट आयसी जातो. जुन्या टेपची सवय असलेल्या हातांकडून हे आजही होतं.

अ‍ॅम्प चालू-बंद करणारी रिमोट वायर १२ व्होल्ट सॉकेटच्या फ्यूजमधून घेतली, फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून जादा वायर काढून देणारा जोड) लावून, स्वतःच्या २ अँपिअर फ्यूजसकट. चावी फिरली की अ‍ॅम्प जागा, चावी काढली की झोपला. अ‍ॅम्पला सिग्नलवरून आपोआप चालू होण्याची सोय होती, पण काही टचस्क्रीन गाडी बंद केल्यावरही बराच वेळ जागे राहतात आणि ते ६ व्होल्ट बघून अ‍ॅम्पही जागा राहतो. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला हा पाहुणचार परवडत नाही.

अर्थसाठी आधी डिक्कीच्या बाजूच्या ट्रिमचा ब्रॅकेट धरणारा बोल्ट घेतला. हाताशी होता, जाड दिसत होता, रंग खरवडून लग कसला. अ‍ॅम्प स्क्रू मारून फळीवर बसवला, डबा जोडला, बॅटरी जोडली, हिरवा दिवा लागला, वाजलंही. बरेच लोक इथेच पॅनेल लावून मोकळे होतात. इंजिन आयडलला ठेवून ४० हर्ट्झचा सूर पाच-पाच सेकंद पूर्ण जोरात लावला (त्याहून जास्त नाही, कॉइल तापते) आणि क्लॅम्प मीटरवर २७ अँपिअर दिसत असताना व्होल्ट मोजले. बॅटरीवर १४.१, अ‍ॅम्पवर १३.३. आठ दशांश व्होल्ट वाटेत गळाले.

कुठे गळाले ते शोधायला मीटर दोन ठिकाणी लावायचा. एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं अ‍ॅम्पच्या प्लसला, सूर चालू असताना: ०.१६ आले. केबलचे ०.११ धरले तर उरलेले फ्यूज, होल्डर आणि दोन लगचे. ठीक. मग एक टोक अ‍ॅम्पच्या मायनसला, दुसरं बॅटरीच्या मायनसला: ०.६२. चोर तिथे होता. ही तपासणी करायला पाच-सहा मीटरची एक लांब वायर जवळ ठेवावी लागते, तेवढाच खर्च.

ह्याच ठिकाणी मल्टिमीटर ओहमवर ठेवून पाहिलं असतं तर ०.३ दिसले असते, आणि मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवली तरी ०.३च दिसतात. म्हणजे साधा मीटर इथे आंधळा आहे. अर्थचा रोध अर्ध्या ओहमच्या आत असला की झालं, असा सल्ला सर्रास दिला जातो. २८ अँपिअरला अर्धा ओहम म्हणजे १४ व्होल्ट, अख्खी बॅटरीच गेली! अर्थ तपासायचा तो करंट वाहत असताना, व्होल्टमध्ये. ०.१ च्या आत आला तर उत्तम.

तो ब्रॅकेट ज्या पत्र्यावर होता तो बॉडीला दोन-तीन स्पॉट वेल्डनं टाचलेला होता, मधे रंग आणि सीलर. बोल्ट जाड, वाट बारीक. जागा बदलली. चाकाच्या कमानीवरच्या जाड पत्र्यात, पलीकडे वायर किंवा पाइप नाही हे हात घालून पाहिल्यावर, ८.५ मिमीचं भोक पाडलं. रुपयाच्या नाण्याएवढ्या वर्तुळात पॉलिश पेपरनं रंग, प्रायमर आणि खालचा करडा झिंकचा थर काढला, पत्रा चकचकीत होईपर्यंत. लग थेट पत्र्यावर सपाट, त्यावर दातेरी वॉशर, मग आठचा बोल्ट, मागून नट. कसून झाल्यावर, आधी नव्हे, वरून झिंक प्रायमर आणि रंग मारला. नाहीतर उघडा पत्रा दोन पावसाळ्यांत गंजतो आणि व्होल्ट पुन्हा गळू लागतात. अर्थची केबलही ४ गेजचीच, ४० सेंटीमीटर. सीटबेल्टच्या बोल्टवर अर्थ घ्यायचा नाही. त्यावर धागे पकडणारं लॉकिंग रसायन असतं, करंटला वाट धड मिळत नाही, आणि एकदा सोडवलेला बोल्ट योग्य ताकदीनं परत कसला गेला का ह्याची खात्री कोण देणार?

पुन्हा तोच सूर, तेच २७ अँपिअर. मायनसच्या बाजूला ०.०६. अ‍ॅम्पवर १३.९. पहिल्या जोडणीतही वाजत होतं, पण ठोका पिचकत होता. आता तो छातीवर बसला. सबवूफर तोच, गेन तोच.

गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, टचस्क्रीनचा सिग्नल आणि अ‍ॅम्पची ताकद जुळवायचा स्क्रू आहे. आधी बघितलं की टचस्क्रीन स्वच्छ कुठपर्यंत आहे. कंपनीचे बरेच सेट आवाज वाढवत गेलं की छोटे स्पीकर फाटू नयेत म्हणून बास गुपचूप कमी करतात. कपलरपाशी मीटर लावून ५० हर्ट्झ आणि १००० हर्ट्झ दोन्ही सूर पाळीपाळीनं मोजले. २८ पर्यंत दोघे बरोबरीनं चढले, त्यापुढे ५० मागे पडला. म्हणून ह्या गाडीसाठी कमाल आवाज २८. बास, ट्रेबल शून्यावर, बास बूस्ट बंद, सबवूफरची वायर सोडवलेली. ३०० वॉटला ४ ओहमवर किती व्होल्ट? ३०० गुणिले ४ चं वर्गमूळ, ३४.६. आवाज २८ वर ठेवून ५० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा सूर लावला आणि अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलवर एसी ३४.६ येईपर्यंत गेन फिरवला. सूर ५० हर्ट्झचा घ्यायचं कारण असं की स्वस्त मीटर घरच्या विजेच्या ५० हर्ट्झला खरं बोलतो, त्यापासून लांब गेलं की भरवसा नाही. हे सगळं झाल्यावर गेनची खूण पेनानं करून ठेवली, कारण पुढच्या आठवड्यात कुणीतरी तो पूर्ण फिरवणारच. पूर्ण फिरवला की लहरीची टोकं कापली जातात, कॉइल तापते, आणि जळक्या वार्निशचा वास येतो. कापलेली लहर कॉइलमध्ये सरासरी जास्त वॉट ओतते, आणि पुष्कळ सबवूफर असेच जातात.

लो-पास, म्हणजे त्याच्या वरचे सूर अडवणारा फिल्टर, ८० हर्ट्झवर. सबसॉनिक, म्हणजे अगदी खालचे सूर अडवणारा फिल्टर, बंद डब्याला फारसा लागत नाही, तरी २५ वर ठेवला. फेजसाठी (सबवूफरची लहर सुलट ठेवायची की उलट) ८० हर्ट्झचा सूर लावून ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं आणि दुसऱ्यानं डिक्कीत ० आणि १८० करत राहायचं. जिथे जास्त भरीव ऐकू येतं ते खरं. इथे १८० निघालं. पुढच्या दरवाज्यांच्या स्पीकरना प्रत्येकी ४७० मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर प्लसच्या वायरीत घातला. ४ ओहमच्या स्पीकरला तो साधारण ८५ हर्ट्झच्या खालचा भार कमी करतो. पाऊणशे-शंभराची वस्तू, पण दरवाज्याचा आवाज एकदम मोकळा झाला.

मग खडखड. नंबर प्लेटच्या मागे फोमची पट्टी, मागच्या दाराच्या आतल्या पत्र्याला कंपन जिरवणारं २ मिमीचं ब्युटिल शीट दोन हातरुमालांएवढं, जॅकच्या पिशवीत जुना टॉवेल. पार्सल ट्रेच्या खुंट्यांना फेल्ट लावलं. डबा सबवूफरसकट १४ किलोच्या आसपास. जोरात ब्रेक लागला तर तो मागच्या सीटवर येऊन आदळणार, म्हणून डिक्कीतल्या सामान बांधायच्या कड्यांना दोन पट्टे लावून आवळला. स्टेपनी काढायची वेळ आली की दोन बकला सोडल्या की डबा बाहेर.

बॅटरी जोडल्यावर घड्याळ लावावं लागलं, ड्रायव्हरच्या काचेचं एका दाबात वर जाणं पुन्हा शिकवावं लागलं: काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवायचं. गाडी कुलूप लावून अर्धा तास सोडल्यावर बॅटरीतून किती करंट जातो ते मोजलं, ३० मिलीअँपिअरच्या आत, म्हणजे अ‍ॅम्प खरंच झोपतो. बिलं विमा कंपनीला पाठवून इलेक्ट्रिकल फिटिंग म्हणून पॉलिसीत नोंद करून घेतली. आयएमटी २४ ह्या कलमाखाली वेगळा हप्ता बसतो, पण नोंद नसेल तर चोरीत किंवा अपघातात ह्या सामानाचे पैसे मिळत नाहीत.

आठवड्यानं बॉनेट उघडून फ्यूज होल्डरचे दोन्ही स्क्रू पुन्हा कसले. तांब्याच्या बारीक तारा दाबाखाली बसतात आणि पहिल्या काही दिवसांत पाव आटा सैल होतोच. तासभर वाजवून होल्डरला बोट लावलं तर कोमट होता. चटका बसला असता तर सांधा पुन्हा करायचा होता. पहिला जोरदार पाऊस पडला त्या संध्याकाळी ग्लोव्ह बॉक्सखालच्या कार्पेटवर हात दाबून पाहिला. कोरडं होतं.